बातमीचा मुहूर्त

सारण भरलेल्या पारीला चुण्या पाडता पाडता यूनशियाचे हात थांबले, आणि आज बोलायचेच, असा तिने निश्चय केला. चीन सोडून न्यूयॉर्कला येऊन तिला पुरते वर्षही झाले नव्हते. पोटात मूल होते आणि मुलाचा बाप फोन उचलत नव्हता. नोकरी लुओ मावशींच्या खानावळीत आणि बिऱ्हाडही त्यांच्याच माडीवर. मावशी बिथरल्या, तर दोन्ही एकदमच जाणार होती.

त्यातून गेला पंधरवडाभर भटारखान्यात तिच्याशी कोणी धड बोलत नव्हते. ती आली की गप्पा तुटत, जड पातेली तिच्या हातून मुकाट्याने काढून घेतली जात, ताटातला खेकडाही कोणी उचलून नेई. आपली हकालपट्टी ठरली आहे, असाच तिने याचा अर्थ लावला होता.

“मावशी, मला दिवस गेलेत,” ती एका दमात म्हणाली.

मावशींच्या हातचा झारा कढईत पडला. “अगं करंटे! तीन महिने भरायच्या आत हे कुणी उच्चारतं का? बाळ रुसतं! तुझ्या उलट्या पाहून पंधरा दिवस आम्ही तोंडं शिवून बसलोय, पोटुशीला बाधेल म्हणून खेकडाही तुझ्यापुढून उचलतोय, आणि तूच दवंडी पिटतेस?”

“म्हणजे... मी कामावर राहू?”

“मग काय वाऱ्यावर सोडू तुला? खुर्ची ओढ आणि बसून पाऱ्या भर. आम्ही काही ऐकलेलं नाही. एकोणीस दिवसांनी तीन महिने भरतील, तेव्हा नीट सांग, मग आम्ही चकित होऊ.”

म्हाताऱ्या आचाऱ्याने तत्परतेने डोळे विस्फारले आणि दोन्ही हात गालांवर ठेवले.

“एवढं नको,” मावशी खेकसल्या, “खोटं वाटतं.”