चांगल्या पायाची उडी

"आधी चांगला पाय," फिजिओकाका म्हणाले.

पोरगी फरशीवर आखलेल्या पट्टीवर एका पायावर उभी राहिली. भिंतीशी तिची आई जीव मुठीत धरून बसली होती. गुडघ्यातलं तुटलेलं लिगामेंट नव्यानं बसवल्यापासून सगळं घर त्या गुडघ्याभोवती फिरत होतं. आज काका 'हो' म्हणाले, तर पोरगी उद्याच्या सामन्यात उतरणार होती. पण पाय कच्चा असताना उतरली आणि ते पुन्हा तुटलं, तर खेळ कायमचा सुटला.

"चांगला पाय हेच आपलं माप," काका आईला समजावत होते. "दुखरा पाय त्याच्या बरोबरीनं उडाला, की मांडीत ताकद परत आली म्हणायची. स्नायू लहान मुलासारखा असतो. रागावून मोठा होत नाही."

पोरगी उडाली. टाच टेकली तिथं काकांनी खडूनं रेघ ओढली.

"एवढीच? मैदानावर तुला टोळ म्हणतात ना?"

"बसून बसून टोळाचं कासव झालं, काका."

काका हसले. "बरं, कासवा, आता दुखरा."

आईनं डोळे गच्च मिटले. धप्प आवाज आला. तिनं डोळे उघडले, तेव्हा पोरगी ओठ चावत डुगडुगत उभी होती. पण पडली नव्हती. टाच रेघेला टेकली होती.

"पुन्हा."

पुन्हा टेकली.

"दोन्ही सारखे," मोजायची टेप गुंडाळत काका म्हणाले.

"म्हणजे खेळू?"

"आधी बूट तर घाल, उतावळे!"

आईनं पदरानं डोळे टिपले. पोरीनं बूट चढवले, पिशवी खांद्याला अडकवली. काका दारातल्या कुंडीला पाणी घालायला गेले आणि अख्खी बाटली फरशीवर कलंडली. उंबऱ्याशी हे एवढं तळं!

"अरेरे, म्हातारे हात! थांब गं, घसरशील."

थांबतेय कसली! पोरीनं दुखरा पाय अलगद उचलून धरला, चांगल्या पायावर झेप घेतली आणि त्याच पायावर तळ्यापलीकडे उतरली.

"टोळ ती टोळच," आई कौतुकानं म्हणाली आणि फडकं शोधू लागली.

"पुसू नका," काका म्हणाले. गुंडाळलेली टेप पुन्हा उलगडत ते तळ्यापाशी वाकले. "आधी चांगल्या पायाची खरी उडी मोजू द्या. त्यासाठीच सांडलंय."