अळणी युग

महिनाभर लॅपटॉपवर खपून राजकुमारने आपल्या कादंबरीसाठी एका नव्याच जगाचं पहिलंवहिलं युग रचलं. सात राजे, उडते घोडे, शंभर वर्षांचं युद्ध! मुकुटबनच्या घरी जेवणाआधी त्यानं ते बापाला वाचून दाखवलं. रामधन सगळं ऐकून मिशीतल्या मिशीत हसला, अन् चुलीशी जाऊन बायकोच्या, मानीबाईच्या कानात काहीतरी पुटपुटला.

पहिल्याच घासाला राजकुमारचं तोंड वाकडं झालं. "बा, वरनात मीठच नाई!"

"कुठून राहीन? समुद्र तुह्या राज्यापासून सहाशे कोस. मीठ आननारा कोनी लिवला का तू? आपले आजे-पणजे बैलांवर मीठ लादून फिरले, तवा हे राजे जेवले."

राजकुमारने डाव्या हातानं लॅपटॉप उघडला अन् पहिल्या राजाच्याही आधी मिठाच्या गोण्या लादलेले शंभर बैल अन् त्यांना हाकणारे शंभर गडी त्या युगात घुसवले. रामधनची छाती फुगली. "दे वं आता मीठ त्याले."

मिठाचा डबा मानीबाईच्या मांडीवर होता. तिनं झाकण आणखीच घट्ट दाबलं.

"त्या शंभर गड्यायसंग बाया नोहत्या का?"

या खेपेला लॅपटॉप रामधननेच उघडला.