विल्फची गाडी

विल्फ आजोबांची जुनी हिरवी एमजी गाडी आईच्या नावावर झाल्याचा कागद आज आला. मी टुणकन शेजारच्या सीटवर बसले आणि हट्टाने छप्पर उघडायला लावलं. आजोबा गेल्यापासून आई रडली नव्हती, धड हसलीही नव्हती. यॉर्कशरचा वारा बोचरा, म्हणून तिने त्यांचीच टोपी घातली आणि गाडी काढली.

रस्त्यावर जो तो आम्हाला हात करत होता. मीही राणीच्या थाटात सगळ्यांना हात करत सुटले. आईचे दोन्ही हात मात्र स्टिअरिंगवरच.

डोंगरापलीकडच्या गावात पबबाहेरच्या बाकावरून एक म्हातारा ओरडला, "काय विल्फ, कुठे उलथला होतास इतके दिवस? तुझी खुर्ची मांजराने बळकावलीय."

आईने टोपी डोळ्यांवर ओढली आणि अगदी आजोबांसारखं उत्तरादाखल स्टिअरिंगवरून एकच बोट उचललं.

"अगं आई, त्यांना माहीतच नाहीये. सांगायचं ना!"

"राहू दे गं. या गावात तरी माझे बाबा आहेत अजून."

पुढच्या वळणावर तिने गाडी फिरवली आणि पुन्हा त्याच पबसमोरून नेली.