सोळाशेचं इंजिन

रॉझलिनने डिकी उघडली आणि ती आत बघतच राहिली. आत कोंबड्यांच्या खाद्याची दोन गच्च पोती होती. तिसरं पोतं ड्रायव्हरशेजारच्या सीटवर होतं, तेही रीतसर पट्टा लावून.

"यांना कुठे फिरायला न्यायचं होतं?" तिने विचारलं.

लाइल हॉकिंग शेडच्या छताकडे बघू लागला. छत पत्र्याचं होतं, बघण्यासारखं तिथे काही म्हणजे काही नव्हतं. त्याचा मित्र नोएल ट्रेगेन्झा घाईघाईने नटबोल्टचे पाने पुसायला लागला. पाने अगोदरच पुसलेले होते.

ऑस्ट्रेलियात होर्शमच्या बाजूला जुन्या गाडीत वेगळं इंजिन बसवायचं तर तपासणी इंजिनिअर म्हणून रॉझलिनची सही लागते. ती नसली तर गाडी शेडमध्येच ठेवा आणि बघत बसा. नियम साधा आहे, गाडी हलकी तर इंजिन लहान. आणि लाइलची गाडी म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर, १९७३ सालची, उघडी, दोन माणसांची. जोराचं वारं सुटलं तर ग्लेनिस, म्हणजे लाइलची बायको, गाडीला दोरीने बांधून ठेव म्हणायची. असल्या गाडीत लाइलला घालायचं होतं आठ सिलिंडरचं धूड! मग वजन वाढवायला नको? म्हणून दोघे सकाळीच गाडी ट्रेलरवर चढवून गव्हाच्या कोठारावरच्या वजनकाट्यावर गेले, पोत्यांसकट वजन केलं, पावती घेतली. परतताना बेकरीत सॉसेज रोल खायला थांबले आणि पोती उतरवायची साफ विसरले. दोघांची वयं मिळून एकशे एकोणचाळीस, पण अक्कल बघा.

रॉझलिन काही रागावली नाही. काट्याची पावती तिने घडी घालून परत दिली आणि सांगितलं, की वजन कंपनीच्या पुस्तकातलं धरतात, काट्यावरचं नाही. आठ सिलिंडर विसरा. अपघातात गेलेल्या एखाद्या माझदा गाडीचं सोळाशे सीसीचं इंजिन घ्या, गिअरबॉक्ससकट. हलकं आहे, जागेत बसतं, ताकद जुन्याच्या दुप्पट. ब्रेक तेवढे सुधारावे लागतील. मनावर घेतलंत तर ख्रिसमसच्या आत गाडी रस्त्यावर.

ख्रिसमस म्हटल्यावर लाइल बोटांवर आठवडे मोजायला लागला. जेमतेम दहा आठवडे राहिले होते.

त्याचं असं होतं. चार वर्षांपूर्वी नोएलची बायको गेली. त्याच्या मुलीने, शेरिलने, तिकडे पार लांब उत्तरेला, टाउन्सव्हिलला, बापासाठी खोली बांधून घेतली आणि चला म्हणून मागे लागली. तेव्हा नोएलने भर क्लबात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "लाइलची गाडी रस्त्यावर आली, की निघालोच." लाइलने ते ऐकलं आणि मनात धरलं. त्याआधी तोही लहानच इंजिन बघत होता. आठ सिलिंडरची टूम मुळात नोएलची, पण त्या दिवसापासून लाइलने ती दोन्ही हातांनी पकडली. न होणाऱ्या गोष्टीचा एक फायदा असतो, ती कधी होत नाही. दर शनिवारी नोएल यायचा, दोघे मापं घ्यायचे, भांडायचे, चहा प्यायचे. टाउन्सव्हिलचा विषय लाइलने चुकूनही काढला नाही. विचारलं आणि याने तारीखच सांगितली तर काय घ्या! नोएलशिवाय शनिवार कसा जाईल, या विचारानेच त्याला कसंतरी व्हायचं. बोलून दाखवायची मात्र त्याची टाप नव्हती.

नोएलने एक पोतं खांद्यावर टाकलं आणि तो खुराड्याकडे गेला. त्याची पाठ वळल्यावर रॉझलिन लाइलजवळ आली.

"एक विचारू?" ती हळूच म्हणाली. "नोएलने तुम्हाला कधीच सांगितलं नाही? चार वर्षांपूर्वी मी त्याला हे सगळं कागदावर लिहून दिलं होतं. हेच सोळाशेचं इंजिन. काट्याची पावती चालत नाही, हेही लिहिलं होतं."

लाइलला आधी काही कळलंच नाही. मग एकेक आठवायला लागलं. आजची पोत्यांची कल्पना नोएलची. त्याआधी इंजिन मावायला डॅशबोर्ड कापू या म्हणणाराही नोएलच. चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेला माणूस, आठ सिलिंडर बसणार नाही हे याला दिसत नव्हतं? लाइलला राग आला, आणि का कोण जाणे, हसूही यायला लागलं. रॉझलिनने सोळाशेच्या इंजिनाचा फॉर्म भरून बाकावर ठेवला, सगळं बसवून झालं की बोलवा म्हणाली आणि गेली.

नोएल दुसरं पोतं न्यायला परत आला तर लाइल डिकीवरच बसलेला. हातात फॉर्म.

"लेका, तुला टाउन्सव्हिलला जायचंच नाहीये ना?"

नोएलने फॉर्मकडे बघितलं, मग त्याच्याकडे. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"कोण जातंय? शेरिलला मी पहिल्याच हिवाळ्यात नाही म्हणून सांगितलं."

"मग चार वर्षं मला त्या धुडामागे कशाला पळवलंस?"

नोएलने खांद्यावरचा भुसा झटकला. झटकून झाल्यावरही तो झटकतच राहिला.

"गाडी झाली असती," तो म्हणाला, "तर दर शनिवारी मी इथे काय सांगून आलो असतो?"