तीन तासांची खोली

"मशीन दिवसातून तीनच तास चालवसान, साहेब?" हबीबनं टेप गुंडाळत विचारलं.

अनंतरावांनी तोंड वाकडं केलं. कूलर दुरुस्त करणाऱ्यानं त्यांना प्रश्न विचारायचे म्हणजे आक्रीतच. अनंतराव सरकारी आकडेवारी खात्यात अधिकारी. कापसाचं संकट पाहायला त्या वर्षी यवतमाळात पथकांवर पथकं येत होती आणि त्यांना तक्ते पुरवायचा मान अनंतरावांचा. त्यांनी स्वतः कापसाची पऱ्हाटी जवळून कधी पाहिली, देव जाणे. पण तक्ते असे देखणे, की पथकं चहा पिऊन राळेगावच्या शेतांवर न जाताच परत फिरायची.

तसाच एक तक्ता आता आईच्या खोलीचा झाला होता. डिसेंबरच्या गारठ्यात कांताबाईंची छाती दोनदा भरली होती. तिसऱ्यांदा निभावणार नाही, खोली उबदार ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून थंडीत गरम हवा देणारा एसी घ्यायचा होता. तक्त्यात निघालं सगळ्यात लहान मशीन. सकाळी एक तास, संध्याकाळी दोन.

हबीबनं परोपरीनं सांगून पाहिलं. थोडाच वेळ चालवायचं तर उलट मोठं मशीन लागतं, कारण गारठलेल्या भिंतीच आधी गरमी पिऊन टाकतात. लहान घ्यायचं तर ते दिवसभर चालू ठेवावं लागतं. अनंतरावांची बायको सुनीती दारातून म्हणाली, त्यांचं ऐका जरा. अनंतराव हसले. हे असलं हसू पदवीसोबत फुकट मिळतं. नववी नापास माणसाकडून विज्ञान शिकायची वेळ अजून आलेली नाही, असं त्यांनी दोघांनाही सुनावलं. रिकाम्या खोलीला ऊब द्यायला ते काही खुळे नव्हते.

"रिकामी कधी राह्यते?" हबीबनं विचारलं.

"मी ऑफिसात असतो तेव्हा. झोपायला जातो तेव्हा. आईपाशी मी तीन तास बसतो, तेवढाच खोलीचा वापर."

समोर खाटेवर तीन गोधड्यांखाली कांताबाई पडून होत्या. दोन वर्षांत त्यांनी या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. हबीबनं त्यांच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"मंग आजीले धरलंच नाही का तुमी?"

अनंतराव चिडले. एवढा सोपा तक्ता वाचता येऊ नये म्हणजे कमाल झाली. त्यांनी कागदावर बोट आपटलं.

"धरलंय ना. ही ओळ बघ. माणसाच्या अंगाची गरमी शंभर वॅट. तेवढी मशीनमधून वजा केली आहे."