सहासष्ट जुड्या

नव्यानं बांधून आलेलं देवळातलं बायबल उघडून पाळकबाई थबकल्या. शेवटचं पुस्तक ‘प्रकटीकरण’ पहिल्याच पानावर!

पुढच्या बाकावरून बुकबाइंडर अमोसमामा अर्धवट उठले. बायबलमधल्या सहासष्ट पुस्तकांच्या जुड्या शिवून त्यांनी पहिलीपासून एकीवर एक रचल्या होत्या. बांधताना चळत उलटी करायची राहिली. आता नवा करार पुढे, जुना मागे, जगाच्या निर्मितीचं ‘उत्पत्ती’ सगळ्यांत शेवटी. चुकलो तर सुई सोडेन, असा त्यांनी बायकोला शब्द दिला होता. ती शेजारीच बसलेली.

“मामा, इथं तर आधी जगाचा शेवट!”

“आपली मंडळी उशिरा येतात, बाई. तोवर जुनं जग संपेल. घरी जाताना नवंकोरं मिळेल.”

बायकोच आधी हसली.

“उपासनेचं पुस्तकही तुम्हीच शिवा,” पाळकबाई म्हणाल्या, “पण सरळ. शेवटचा आशीर्वाद आधी आला, तर मंडळी जेवायलाच पळतील!”