पान दोनशे बारा

कादंबरीतली शिंपीण दोनशे बाराव्या पानावर वारली. मुद्रितशोधकाने मात्र हे घडलंच नाही, असं ठरवलं. कारण अंथरुणाला खिळलेली बायको रोज दुपारी त्याच्याकडून छपाईआधीची पानं वाचून घ्यायची. म्हणायची, “शिंपिणीला माझाच आजार आहे. ती उठली की मीही उठणार.” त्याने घसा खाकरून वाचलं, “शिंपीण उठली, तिने चहा टाकला.” बायको ताडकन उठून बसली. “अहो, माझ्या चपला कुठायत?” पुढच्या पानावरची शिंप्याची नवी बायको मात्र तोंडातून निसटली. “ही बया कोण?” “मावसबहीण,” मुद्रितशोधक घाम पुसत म्हणाला. “पुस्तक छापून आलं की स्वतः वाचणार हं,” म्हणत बायको भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत गेली. त्याने लाल पेनाने समासात प्रकाशकांना लिहिलं, “सदर बाईंच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा असल्याने त्यांचा मृत्यू तूर्तास स्थगित करावा, ही नम्र विनंती.”